मुसकी बांधलेली तट्टं

इंग्लंडच्या उत्तर टोकाला, नॉर्थम्बरलंड परगण्यात, स्लेली गावाच्या खालच्या अंगाला दाट झाडी आहे आणि त्या झाडीतून डेव्हिल्स वॉटर नावाचा ओढा वाहतो. ओढ्याजवळ दोन उंच दगडी कमानी उभ्या आहेत. पहिल्यांदा येणारा माणूस थबकतोच, कारण एवढं देखणं बांधकाम रानात कुणासाठी केलं असेल, याचा अंदाज लागत नाही. या जागेचं नाव डूक्सफील्ड. अठराव्या शतकात इथे शिसं गाळण्याच्या भट्ट्या धडधडत होत्या. त्यांचा धूर लांब वाहून नेणारी दगडी नळी या कमानींवरून जात असे.

मागच्या उन्हाळ्यात एक मामा आणि त्यांची भाची या कमानींखाली बराच वेळ वाद घालत बसले होते. मामा नगर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात तीस वर्षं ऊसवाहतुकीचं काम पाहून निवृत्त झालेले. भाची न्यूकॅसलला सार्वजनिक आरोग्याची डॉक्टर. तिने या परिसरातल्या शिशाच्या धंद्याबद्दल बरंच वाचलं होतं. स्थानिक स्वयंसेवकांनी त्या काळच्या कारभाऱ्यांची हजारो पत्रं उतरवून काढली आहेत, तीही तिने चाळली होती. मामांनी एकच प्रश्न विचारला आणि वादाला तोंड फुटलं.

"खाण कुठे आहे?"

"इथे नाही. ॲलनहेड्स, कोलक्लू, वियरडेल. पार वर, डोंगरात. ॲलनहेड्सहून सरळ रेघ मारली तरी दहा मैल."

"आणि बंदर?"

"न्यूकॅसल. दुसऱ्या बाजूला वीसेक मैल."

मामा हसले. "म्हणजे खाण हा धंदा नव्हताच गं. वाहतूक हा धंदा होता."

भाचीला हे मान्य नव्हतं. तिच्या मते धंदा उभा होता तो डोंगराच्या पोटात शिरणाऱ्या माणसांवर; बाकी सगळे त्यांच्या जिवावर. पण मामांच्या म्हणण्यात किती तथ्य होतं ते आधी पाहू, कारण शिशाच्या व्यवहारातली ही बाजू सहसा कुणी सांगत नाही.

या डोंगरांतल्या खाणी सतराव्या शतकाच्या अखेरीपासून न्यूकॅसलच्या ब्लॅकेट घराण्याकडे होत्या. १७२८ मध्ये हा सगळा पसारा वॉल्टर कॅल्व्हर्ली या विशीतल्या तरुणाकडे आला. त्यासाठी वॉल्टरच्या मामाच्या मृत्युपत्राप्रमाणे त्याला त्या मामाच्या मुलीशी लग्न करावं लागलं आणि ब्लॅकेट हे आडनावही घ्यावं लागलं. पुढे सर वॉल्टर १७३४ पासून १७७७ मध्ये मृत्यू होईपर्यंत न्यूकॅसलचे खासदार होते. त्यांचं घर वॉलिंग्टनला. मोठमोठ्या बागा, तळी, कारंजी. खाणीचा रोजचा कारभार त्यांचे पगारी कारभारी पाहत. मुख्य कारभारी न्यूकॅसलला. त्याच्या हाताखाली प्रत्येक खाणीवर आणि भट्टीवर एकेक माणूस. यांच्यातला संपर्क फक्त पत्राने. वर काय चाललंय ते खाली कळायला दोन-तीन दिवस, आणि लंडनमध्ये भाव काय आहे ते डोंगरात कळेपर्यंत तो भाव बदललेलाही असे.

खाणीतून निघालेलं धुतलेलं धातुक मोजायचं माप होतं बिंग. एक बिंग म्हणजे आठ हंड्रेडवेट, आपल्या हिशेबाने सुमारे चारशे किलो. आणि एक बिंग म्हणजे चार घोड्यांचं ओझं. मामांनी लगेच बोटांवर हिशेब करायला सुरुवात केली. वीस तट्टांचा एक तांडा म्हणजे फक्त पाच बिंग, जेमतेम दोन टन. हजार बिंग भट्टीपर्यंत आणायचे तर चार हजार खेपा. त्यातून गाळलेलं शिसं पुन्हा घोड्यांवर लादून न्यूकॅसलला न्यायचं. शिवाय भट्टीला लागणारा कोळसा आणि वाळवलेलं पीट, तेही कुणीतरी वाहून आणायचं.

हे तट्टू म्हणजे गॅलोवे जातीचं बुटकं, काटक जनावर. पाठीवर लाकडी खोगीर, दोन बाजूंना दोन पोती आणि पुढच्या जनावराच्या गळ्यात घुंगरं. डोंगरात गाडीरस्ते नव्हतेच. दलदलीतून आणि हिथरच्या झुडपांतून पायवाटा गेल्या होत्या. पावसाळी वर्षी त्या वाटांचा चिखल होई आणि हिवाळ्यात बर्फ. म्हणून धातुकाची मुख्य वाहतूक उन्हाळ्याच्या काही महिन्यांतच उरकावी लागे.

"आणि त्याच महिन्यांत गवत कापणी," मामा म्हणाले. "बरोबर ना?"

बरोबर होतं. तट्टं कंपनीची नव्हती. ती आसपासच्या शेतकऱ्यांची, छोट्या घोडेवाल्यांची. गवत कापून गंजी लावायची वेळ आली की माणूस आणि जनावर दोन्ही शेतावर. ओट महागले की भाडं वाढवून मागायचं. कोळशाच्या किंवा चुन्याच्या वाहतुकीत जास्त पैसे मिळाले की तिकडे वळायचं. कारभाऱ्याच्या हातात चाबूक नव्हता. दर वाढवायचा, गोड बोलायचं, दुसरा घोडेवाला शोधायचा, एवढंच. उन्हाळ्यात भट्टीवर पुरेसं धातुक पडलं नाही तर हिवाळ्यात भट्टी थंड. भट्टी थंड पडली की न्यूकॅसलला देण्यासारखं शिसं नाही. शिसं नाही तर खाणकामगारांना द्यायला पैसा नाही.

"मी हे तीस वर्षं केलंय," मामा म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "ऊस तोडला की चोवीस तासांत गव्हाणीत पडायला हवा, नाहीतर उतारा घसरतो. तोडणीवाला बिचारा राबतो, शेतकरी ओरडतो, संचालक ओरडतात, आणि ट्रॅक्टरवाला म्हणतो, साहेब, आज पोरीचं लग्न आहे. तो तुझा न्यूकॅसलचा कारभारी काय करत असेल हे मला पत्र न वाचता कळतं. त्याला खलनायक करू नकोस."

या मुद्द्यावर मामांचं पारडं जड आहे. कागदावर मालक बलवान आणि घोडेवाला दुबळा दिसतो. प्रत्यक्षात घोडेवाल्याकडे एक गोष्ट होती जी खाणकामगाराकडे नव्हती: त्याच्या जनावराला दुसरं कामही मिळू शकत होतं. त्यामुळे घासाघीस खरी होत असे आणि तीत घोडेवाला अनेकदा जिंके.

निसर्गाची तर गोष्टच वेगळी. १६ नोव्हेंबर १७७१ च्या रात्री टाइन नदीला असा पूर आला की न्यूकॅसलचा जुना, वर घरं आणि दुकानं असलेला पूल कोसळला. हेक्समचा नुकताच बांधलेला पूलही गेला. नदीवरच्या प्रमुख पुलांपैकी टिकला तो कॉर्ब्रिजचा. एका रात्रीत सगळ्या खोऱ्याच्या दळणवळणाचा नकाशा बदलला, आणि माल तर थांबून चालणार नव्हता.

मापांचा गोंधळ हा आणखी एक त्रास. गाळलेलं शिसं फॉदर या मापाने विकलं जाई. पण फॉदर प्रत्येक गावाचा वेगळा! न्यूकॅसलचा फॉदर २१ हंड्रेडवेट, लंडनचा साडेएकोणीस आणि डर्बीशरमधल्या भट्ट्यांचा साडेबावीस. दीड हंड्रेडवेटची एक लगड धरली तर न्यूकॅसलच्या फॉदरमध्ये चौदा लगडी, लंडनच्यात तेरा, डर्बीशरच्यात पंधरा. पत्रात नुसतं "शंभर फॉदर" लिहिलं आणि कुठले ते लिहिलं नाही, तर शंभर लगडींचा वाद उभा. मामांना हे इतकं आवडलं की त्यांनी खिशातल्या वहीत टिपून घेतलं.

भाची थांबली होती. आता तिची पाळी.

"मामा, वाहतुकीचं मान्य. आता वर चल. खाणीत पैसे कसे मिळत, माहितीये?"

पद्धत अशी होती. चार-सहा जणांची एक टोळी. दर तीन महिन्यांनी कारभारी आणि टोळी यांच्यात सौदा ठरे. खाणीतला अमुक पट्टा तुमचा. तिथून काढून, धुऊन दिलेल्या प्रत्येक बिंगला अमुक शिलिंग. धातुकाची शीर भरघोस असेल तर दर कमी, रोडावलेली असेल तर दर जास्त. नुसता दगड फोडून बोगदा पुढे न्यायचा असेल तर खणलेल्या लांबीच्या हिशेबाने. सौदा वहीत लिहिला जाई. मेणबत्त्या, सुरुंगाची दारू, हत्यारांना धार लावणं, हे टोळीच्या नावावर पडे.

"छान पद्धत," मामा म्हणाले. "वर मुकादम नाही, हजेरी नाही. आपला माणूस आपल्या मर्जीने काम करतो. शीर चांगली लागली तर चार पैसे जास्त."

"लागली तर. आणि लागल्यावर पुढच्या तिमाहीचा दर खाली. म्हणजे नशीब उघडलं तर ते तीन महिन्यांसाठी, आणि फुटलं तर ते कायमचं."

मामा काही बोलले नाहीत. भाचीचा हा मुद्दा अचूक आहे. शिरेत समोर किती धातुक दिसतं यावर दर ठरत असल्यामुळे सौद्याचे दिवस जवळ आले की चांगला पट्टा उघडा न करण्याकडे टोळीचा कल असे. कारभारीही तेवढाच चाणाक्ष. बऱ्याचदा तो खाणकामगारांच्याच घरातून वर आलेला. दोघंही एकमेकांचं मन वाचत बसलेले. इथे मालकाने मजुराला लुटलं, असं सरसकट म्हणता येणार नाही. तो अनिश्चिततेवरचा जुगार होता आणि दोन्ही बाजू तो खेळत होत्या. पण डावावर लावलेली रक्कम सारखी नव्हती.

हिवाळ्यात काढलेलं धातुक लगेच धुता येत नसे. पाणी गोठलेलं असायचं. वसंतात धुवायचं, उन्हाळ्यात तांड्यावरून भट्टीला जायचं, गाळायचं, त्यातली चांदी वेगळी काढायची, मग न्यूकॅसल, मग जहाज, मग लंडनचा किंवा हॉलंडचा व्यापारी, आणि त्याची काही महिन्यांच्या मुदतीची हुंडी. जानेवारीत फोडलेल्या दगडाचा पैसा हातात यायला वर्ष उलटून जाई. म्हणून खाणकामगारांचा पक्का हिशेब वर्षातून एकदा होत असे, आणि कधीकधी तोही लांबत असे. तोपर्यंत दर महिन्याला पोटापुरती रक्कम उसनी दिली जाई. वर्षाअखेरीस टोळीच्या कमाईतून ती वजा.

"उचल," मामा लगेच म्हणाले.

"हो. अगदी तोच शब्द. मला दुसरा सुचत नाही."

ऊसतोडीच्या टोळीला हंगामाच्या आधी दिलेली रक्कम म्हणजे उचल. ती फिटेपर्यंत टोळी बांधलेली. मामांनी त्या उचलीची पुस्तकं वर्षानुवर्षं सांभाळली होती. तिचे फायदे त्यांना माहीत होते, आणि हंगाम संपला तरी न फिटणारे आकडेही. ॲलनहेड्सच्या टोळीचं वर्ष वाईट गेलं तर शिल्लक कर्ज पुढच्या वर्षावर जाई. मधल्या काळात किराणा उधारीवर. दुकानदार उधार देत, कारण वार्षिक हिशेबाचा दिवस त्यांनाही ठाऊक असे. आणि उधारीच्या भावात थोडी भर घालण्याची पद्धत जगात सगळीकडेच आहे.

मामांनी मालकाची बाजू सोडली नाही. पैसा मालकाचाही अडकलेला होता, असं ते म्हणाले. भट्टी, पाणचक्की, भाते, गोदामं, बोगदे, हे सगळं आधी पदरचे पैसे घालून उभारायचं; युद्ध लागलं की जहाजं अडकतात, विमा महागतो, भाव पडतो. खाणीतून पाणी बाहेर काढायला कोलक्लूला १७६५ च्या सुमारास पाण्याच्या दाबावर चालणारं नवं यंत्र बसवलं गेलं होतं. ते काही फुकट आलं नव्हतं.

"तरी मामा," भाची म्हणाली, "वाईट वर्षात सर वॉल्टरच्या बागेतलं एखादं कारंजं बंद पडलं असतं. डोंगरात मात्र घरातलं पीठ संपायचं. दोघांचाही पैसा अडकला होता, पण अडचण सारखी नव्हती."

इथे मला भाचीचं म्हणणं पटतं. जानेवारीतली मेहनत पुढच्या वर्षापर्यंत बिनव्याजी वापरायला मिळणं, हे धंद्यातलं सर्वांत स्वस्त भांडवल होतं. ते कारभाऱ्याच्या वहीत भांडवल म्हणून नोंदलं जात नसे, पण त्याच्याशिवाय धंदा चालला नसता. खाणकामगाराची गाय, त्याचा छोटासा गवताचा तुकडा, त्याच्या बायकोने धुतलेलं धातुक, हे सगळं मिळून त्याला तगवत होतं. धंद्याची उसनवारी एका अर्थाने त्या गाईच्या दुधावर चालली होती.

मामांनी विषय बदलला. दुसरा मार्ग होता का, असं त्यांनी विचारलं. भाचीने दक्षिणेकडे, डर्बीशरकडे बोट दाखवलं.

डर्बीशरचा शिशाचा मुलूख कायद्याने निराळा होता. तिथे अनेक भागांत कुणीही माणूस, जमीन कुणाचीही असो, शिरा शोधून आपला हक्क लावू शकत असे. खड्ड्यावर लाकडी रहाट उभा केला की ताबा सिद्ध. वाद झाला तर बारमोट नावाचं खाणकामगारांचं न्यायालय. त्यातले पंच खाणीतलेच. वर्क्सवर्थ गावात १५१३ चं पितळी माप आजही जपून ठेवलं आहे. त्याला डिश म्हणत, आणि राजाच्या हिश्शाची मोजणी त्या मापाने होई. हे न्यायालय आजही वर्षातून एकदा भरतं.

"मग तिथे सगळे सुखी असतील," मामा म्हणाले.

यावर भाचीने डॅनियल डिफोची हकीकत सांगितली. रॉबिन्सन क्रूसोचा लेखक १७२० च्या दशकात इंग्लंडभर हिंडला होता. डर्बीशरच्या टेकड्यांत त्याला गुहेत राहणारं एक कुटुंब भेटलं. नवरा खाणकामगार, पाच मुलं. नवरा दिवस चांगला गेला तर पाच पेन्स कमवी, आणि बायको धातुक धुण्याचं काम मिळालं तर तीन पेन्स. गुहेत भांडी स्वच्छ घासलेली, मुलं टवटवीत, दाराशी थोडं बार्लीचं शेत, एक गाय, एक डुकरीण. डिफोच्या मंडळींनी थोडे पैसे गोळा करून त्या बाईच्या हातावर ठेवले, तेव्हा तिला रडू कोसळलं. पुढे त्याच फेरीत त्यांनी एका अरुंद विवरातून वर येणारा खाणकामगार पाहिला: अंगाने वाळलेला, रंग शिशासारखाच, पाठीवर धातुकाचं ओझं. तो काय बोलतो ते कळेना, दुभाष्या लागला.

म्हणजे स्वतंत्र हक्क असलेला डर्बीशरचा माणूस पाच पेन्सवर, आणि सौद्याने काम करणारा ॲलनहेड्सचा माणूस वर्षभराच्या उधारीवर. मामांनी दोन्ही तराजूत टाकून पाहिलं. "स्वतःचा हक्क असणं चांगलं," ते म्हणाले, "पण पाणी कोण उपसणार?"

नेमका प्रश्न. उथळ शिरा संपल्या की खोल जावं लागतं, आणि खोलात पाणी. डर्बीशरमध्ये पाणी बाहेर काढायला डोंगराखालून लांबच लांब बोगदे खणले गेले. त्यांना सफ म्हणत. हिलकार सफचं काम १७६६ मध्ये सुरू झालं आणि खाणींपर्यंत पोहोचायला एकवीस वर्षं लागली. एकट्या-दुकट्या खाणकामगाराला हे कसं झेपणार? पैसेवाल्यांच्या भागीदाऱ्या आल्या, आणि मुक्त खाणकामगार हळूहळू त्यांचा मजूर बनत गेला. (क्रॉम्फर्डच्या अशाच एका बोगद्यातून वाहणारं कोमट पाणी रिचर्ड आर्कराइटने १७७१ मध्ये आपल्या सूतगिरणीची चाकं फिरवायला वापरलं. शिशाच्या खाणीतल्या सांडपाण्यावर कापसाची गिरणी!)

वाहतुकीतही डर्बीशर सुदैवी. तिथलं शिसं गाड्यांनी बॉट्रीला जाई आणि तिथून आयडल नदीतून हल बंदरात. १७७७ मध्ये चेस्टरफील्ड कालवा पूर्ण झाल्यावर शिशाला थेट ट्रेंट नदीपर्यंत पाण्याची वाट मिळाली. उत्तरेच्या डोंगरांत कालवा चढवणं शक्य नव्हतं. तिथे तट्टंच राहिली.

उत्तरेत आणखी एक मोठी कंपनी होती, ती क्वेकर पंथाच्या लोकांची. १६९२ ची सनद, लंडनमध्ये संचालक मंडळ, आणि ॲल्स्टन मूरच्या खाणी भाडेपट्ट्याने. ती जमीन मूळची अर्ल ऑफ डर्वेंटवॉटरची. १७१५ च्या बंडात भाग घेतल्याबद्दल त्याचा शिरच्छेद झाला, जमीन जप्त झाली आणि १७३५ मध्ये तिचं उत्पन्न ग्रीनिचच्या खलाशांच्या रुग्णालयाला मिळालं. जखमी आणि म्हाताऱ्या खलाशांच्या जेवणात या डोंगरातल्या शिशाचा वाटा होता. क्वेकर कंपनीने १७५० च्या दशकात नेंटहेड इथे कामगारांसाठी वस्ती उभारली, तेव्हा इंग्लंडमध्ये अशी मालकाने बांधलेली गावं फारशी नव्हती. मामांना हे ऐकून आनंद झाला. चांगला कारभारी असू शकतो, हे त्यांना सिद्ध करायचंच होतं.

ग्रीनिच रुग्णालयाच्या मिळकतीच्या दोन कारभाऱ्यांपैकी एक जॉन स्मीटन, एडीस्टोनचं प्रसिद्ध दीपगृह बांधणारा अभियंता. १७७६ मध्ये त्याने नेंट नदीच्या खोऱ्यात एक अफाट बोगदा सुरू केला. खाणींचं पाणी खाली काढायचं, वाटेत नव्या शिरा शोधायच्या आणि बोगद्यातूनच नावांमधून दगड बाहेर आणायचा. पुढच्या शतकात कित्येक दशकं हे काम चाललं, भरमसाट पैसा गेला आणि धातुक मात्र तुटपुंजं लागलं. योजना हुशार होती. नशिबाने साथ दिली नाही.

"बघ," मामा म्हणाले, "एवढ्या मोठ्या माणसालाही डोंगर कळला नाही. मग चार शिलिंग जास्त की कमी यावर कारभाऱ्याला फाशी का द्यायची?"

भाचीने उत्तर दिलं नाही. ती कमानीच्या आतल्या बाजूला बोट लावून पाहत होती. मग तिने ज्यासाठी मामांना इथे आणलं होतं, ते सांगितलं.

तट्टांच्या तोंडाला मुसकी बांधलेली असे.

मामांच्या घरी मळणीच्या बैलांना मुसकी बांधत, धान्यात तोंड घालू नये म्हणून. इथे कारण वेगळं होतं. वाटेवर सांडलेल्या धातुकाची धूळ, भट्टीच्या धुरातून खाली बसलेलं शिसं, धुण्याच्या जागेवरून ओढ्यात गेलेला गाळ. या सगळ्यामुळे कडेचं गवत विषारी झालेलं असायचं. ते खाल्लं की जनावर मरे. डर्बीशरमध्ये या विषबाधेला नावच होतं, बेलंड. ज्या जमिनीवर जनावर चारायचं नाही, तिलाही तेच विशेषण लागे. म्हणजे हे सगळ्यांना माहीत होतं. मालकाला, कारभाऱ्याला, घोडेवाल्याला.

"माणसांना काय होतं तेही माहीत होतं," भाची म्हणाली. "१७६७ मध्ये जॉर्ज बेकर नावाच्या डॉक्टरने दाखवून दिलं की डेव्हनशरमधला पोटशुळाचा आजार सायडरमध्ये उतरलेल्या शिशामुळे होतो. लोक चिडले, पण मुद्दा खरा होता. त्याच वर्षांत इथे भट्टीसमोर माणसं उभी होती. त्यांचा श्वास, त्यांची भाकरी, त्यांच्या कपड्यांना लागून घरी जाणारी धूळ. तट्टाच्या तोंडाला मुसकी होती, मामा. धातुक धुणाऱ्या पोरांच्या तोंडाला काय होतं?"

ओढ्याचा आवाज तेवढा येत होता.

मामा ऊसवाहतुकीचा माणूस. त्यांनी उत्तर द्यायच्या आधी हिशेब केला. बसल्या जागी, वहीत. वाटेवर चरू द्यायचं नाही म्हणजे चारा बरोबर न्यायचा. दहा-बारा मैल डोंगरातून जायचं आणि यायचं. प्रत्येक जनावराला ओट हवेत. ओटाचं पोतं लादलं तर तेवढं धातुक कमी. किंवा मुक्कामाच्या जागी विकत घ्यायचे, आणि वाईट वर्षात ओटाचा भाव दुप्पट. भाडं ठरतं ते धातुकाच्या वजनावर. मग मुसकीमुळे आलेला हा चाऱ्याचा खर्च कुणाच्या खात्यात पडला?

"घोडेवाल्याच्या," मामा स्वतःशीच म्हणाले. "म्हणून तो ओट महागले की भाडं वाढवून मागायचा. आणि मला वाटलं होतं की तो जिंकायचा."

त्यांनी वहीतली आधीची एक ओळ खोडली. पुन्हा काही लिहिलं नाही.

भट्टीचा धूर लांब आडव्या नळीतून नेला, तर धुरातलं शिसं नळीतच बसतं आणि खरवडून परत वापरता येतं. रिचर्ड वॉटसन या रसायनशास्त्र जाणणाऱ्या बिशपने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हे सुचवलं होतं. ज्या कमानींखाली हे दोघं बसले होते, त्या अशाच नळीचा भाग. धूर दूर गेला तो वाया जाणारं शिसं वाचवायला. माणसांनाही त्याचा थोडा फायदा झाला. नळीत शिरून ते शिसं खरवडणारीही माणसंच होती.

इथून निघालेलं शिसं कुठे कुठे गेलं! चर्चच्या छपरांवर, लंडनच्या पाण्याच्या नळांत, पांढऱ्या रंगात, बंदुकीच्या गोळ्यांत. अठराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं मुंबईकडे निघत, तेव्हा लोकरी कापड आणि तांब्याबरोबर इंग्लंडचं शिसंही त्यांच्या पोटात असे. मामांनी हे ऐकून मान हलवली आणि म्हणाले, आपल्याकडे ते कशाला वापरलं गेलं ते सांगायला नको.

परतीच्या वाटेवर त्यांची गाडी ग्रीनसाइड गावाजवळून गेली. तिथल्या एका रस्त्याच्या पाटीवर अजून लेड रोड असं लिहिलेलं आहे. मामांनी गाडी थांबवायला लावली, पाटीचा फोटो काढला आणि रस्त्याचा चढ किती आहे ते चालून पाहिलं. पाठीवर शंभर किलो घेऊन इथे तट्टू किती वेळा थांबत असेल, असं त्यांनी विचारलं. भाचीला ते माहीत नव्हतं; जनावरांचं तेच ओळखत होते.

दुसऱ्या दिवशी दोघं भाचीच्या छोट्या मुलाला घेऊन ॲलन नदीच्या काठी गेले. नदीने वर्षानुवर्षं वाहून आणलेल्या खाणीच्या गाळावर तिथे साधं गवत नीट वाढत नाही. त्याऐवजी शिसं सहन करणारी बुटकी झाडं येतात. त्यातल्या एकाला बारीक पांढरी फुलं होती. डर्बीशरमध्ये त्याला लेडवर्ट म्हणतात, कारण जुन्या खाणीच्या ढिगाऱ्यांवर ते हमखास उगवतं. मामा गुडघ्यांवर हात ठेवून वाकले आणि बराच वेळ ते फूल बघत राहिले. भाचीचा मुलगा पुढे धावला, तशी त्यांनी त्याचा हात धरला आणि त्याला नदीच्या दुसऱ्या बाजूला, हिरव्या गवताकडे घेऊन गेले.